मोजणीची चित्रपुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मोजणीची पुस्तकं निवडणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या किंवा स्वतः बनवणाऱ्या मोठ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

अंकओळखीचं पुस्तक आणि मोजणीचं पुस्तक यांत फरक काय?

अंकओळखीच्या पुस्तकात मूल चिन्ह आणि त्याचं नाव शिकतं: हा ५, याला पाच म्हणायचं. मोजणीच्या पुस्तकात ते 'किती?' या प्रश्नाचं उत्तर शोधतं. पानावर पाच बदकं असतात, आणि 'पाच' हा शब्द त्या अख्ख्या थव्याचा असतो, शेवटच्या बदकाचा नसतो. मोठ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की यात शिकण्यासारखं काही आहे हेच ध्यानात येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात असल्या तरी हरकत नाही, मात्र पानावर चित्रांचा समूह ठळक हवा आणि आकडा त्याच्या सोबतीला.

आमचं मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणतं. मग मोजणीचं पुस्तक कशाला?

घडाघडा म्हणणं हे गाणं पाठ असण्यासारखं आहे. मोजता येतं का, हे बघायला दहा ठोकळे समोर ठेवा आणि सहज म्हणा, "मला तीन दे." अडीच-तीन वर्षांची बरीच मुलं आकडे घडाघडा म्हणून दाखवतात, पण तीन मागितले की मूठभर ठोकळे उचलून देतात. "एक दे" म्हटलं की मात्र बरोबर एकच देतात.

ही चाचणी मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांच्या १९९० आणि १९९२ च्या अभ्यासांमुळे सर्वांना माहीत झाली. त्यातून दिसलेली वाट अशी: मुलाला आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो. काही महिन्यांनी 'दोन'चा, आणखी काही महिन्यांनी 'तीन'चा. या काळात पुढचे सगळे शब्द त्याच्या लेखी 'पुष्कळ' एवढेच असतात. मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एक मोठी उडी येते. मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हेच एकूण संख्येचं उत्तर, हे त्याला उमगतं, आणि त्यानंतर पाच, सहा, सात वेगवेगळे शिकावे लागत नाहीत. मोजणीचं चांगलं पुस्तक या उडीची तयारी करून घेतं.

'मोजता येणं' यात नेमकं काय काय येतं?

मानसशास्त्रज्ञ रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये पाच तत्त्वं मांडली, ती आजही उपयोगी आहेत. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच अंकशब्द, म्हणजे एकास एक संगती. अंकशब्दांचा क्रम दर वेळी तोच. शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. मोजायला काहीही चालतं: बेडूक, उड्या, टाळ्या. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर बदलत नाही. यातलं शेवटचं तत्त्व पुस्तकातून शिकवणं सर्वांत सोपं आणि सर्वांत दुर्लक्षित. तेच पान एकदा डावीकडून मोजा, एकदा उजवीकडून, एकदा मधल्यापासून. मुलाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं असतं.

वाचताना नेमकं काय करायचं?

समजा, पानावर चार बेडूक आहेत. बहुतेक मोठी माणसं बोट फिरवत "एक, दोन, तीन, चार" म्हणतात आणि पान उलटतात. संख्येचं नाव समूहाला लावणं तिथे राहूनच जातं. संशोधक केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चित्रपुस्तकंच वापरून वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. आधी एकूण संख्या सांगून लगेच मोजून दाखवलं, त्या मुलांची प्रगती दिसली. नुसतं मोजणं किंवा नुसती संख्या सांगणं यांनी तसं झालं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. पान उघडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. मुलाला चित्र बघू द्या, बेडकाबद्दल बोलू द्या.
२. सगळ्या बेडकांभोवती बोट गोल फिरवून म्हणा, "बघ, चार बेडूक."
३. लगेच एकेका बेडकावर बोट टेकवत मोजा: एक, दोन, तीन, चार. बोट टेकणं आणि शब्द उच्चारणं एकाच क्षणी. बोट पुढे आणि शब्द मागे राहिला की मूल तीच चूक उचलतं.
४. पुन्हा गोल फिरवून, "चार बेडूक."

मुलाचा हात धरून त्याचं बोट टेकवू नका. आधी तुमचं बोट, मग त्याला वाटेल तेव्हा त्याचं. एका बैठकीत तीन-चार पानं अशी वाचली तरी भरपूर. उरलेलं पुस्तक नुसतं गोष्ट म्हणून वाचा. प्रत्येक पानावर मोजायला लावलं की पुस्तकाची परीक्षा होते आणि मूल पुस्तक मिटतं.

मूल मोजतं, पण "मग किती?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतं. असं का?

कारण 'किती?' हा प्रश्न त्याला 'मोजून दाखव' अशी आज्ञा वाटतो. शेवटचा शब्द म्हणजेच उत्तर, हा धागा अजून जुळलेला नाही. ही चूक नाही, पायरी आहे. अशा वेळी तोच प्रश्न तीनदा विचारू नका. तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलाला वाटतं आपलं मोजणंच चुकलं, आणि ते भलताच आकडा सांगून बघतं. त्याऐवजी तुम्हीच गोल बोट फिरवून "हो, पाच ससे" म्हणा आणि पुढे जा. मुलाला पक्के येत असलेल्या संख्येच्या पुढच्या संख्येवर सर्वांत जास्त वेळ द्या. दोन कळत असेल तर तीनचं पान हे त्याचं पान. दहाच्या पानावर घाम गाळण्यात तेव्हा अर्थ नाही.

एखादं चित्र दोनदा मोजतं किंवा वगळतं. थांबवावं का?

मध्येच थांबवू नका, मोजणं पुरं होऊ द्या. मग "मी पण मोजून बघते" म्हणून सावकाश मोजा. बरेचदा दोष पानाचा असतो: चित्रं विखुरलेली असतात आणि कुठून सुरू केलं ते लक्षात ठेवायला काही खूण नसते. मोजून झालेल्या प्रत्येक चित्रावर कागदाचा एकेक कपटा ठेवायला दिला की हा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

घेण्यापूर्वी पुस्तक कसं तपासावं?

बोट ठेवून, पानोपान, स्वतः मोजून. छापील पुस्तकात चित्रं चुकीची नसणार असं गृहीत धरू नका. सातच्या पानावर आठ फुलपाखरं असलेली पुस्तकं छापली जातात. याची कारणंही ठरलेली असतात. चित्रकार पानाचा तोल साधण्यासाठी कोपऱ्यात एक जास्तीचं फुलपाखरू घालतो. किंवा सजावटीत, शीर्षकाच्या अक्षरावर, पानाच्या कडेला तेच चित्र पुन्हा येतं. मूल तेही मोजतं, आणि त्याचं बरोबर असतं.

दुसरी जागा म्हणजे मधली घडी. जोडपानावर पसरलेल्या चित्रात एखादा मासा बरोबर शिवणीत जातो. चिकटबांधणीच्या पुस्तकात तो अर्धा गिळला जातो, आणि मुलाला तिथे एक मासा दिसतो, दोन दिसतात किंवा एकही दिसत नाही. पुस्तक शंभर टक्के सपाट उघडत नसेल तर शिवणीपासून दीड-दोन सेंटिमीटरच्या आत मोजायचं चित्र नको.

तिसरी गोष्ट पृष्ठक्रमांक. पाच मोरांच्या पानाखाली बारीक '१२' छापलेलं असेल तर आकडे नुकते ओळखू लागलेलं मूल हमखास गोंधळतं. मोजणीच्या पुस्तकात पृष्ठक्रमांक नसलेलेच बरे.

मोजायचं एकक स्पष्ट आहे का, तेही बघा. 'चार मोजे' म्हणजे चार नग की चार जोड? 'तीन फुलं' म्हटलंय आणि प्रत्येक झुबक्यात पाच पाकळ्यांची फुलं दाटीनं काढलीत, तर मूल काय मोजणार? एकमेकांवर चढलेली चित्रंही वाईट. सश्याचे कान दुसऱ्या सश्यामागून डोकावत असतील तर तीन वर्षांचं मूल कानांना वेगळा ससा समजतं. आणि फक्त रंगावरून ओळखायच्या वस्तू, उदाहरणार्थ हिरव्या पानांतली लाल पाखरं, टाळाव्यात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं असतात आणि मुलग्यांमध्ये त्यांचं प्रमाण बरंच जास्त असतं. आकारही वेगळा हवा.

चित्रं ओळीत असावीत की विखुरलेली?

सुरुवातीला ओळीत, डावीकडून उजवीकडे, दोन चित्रांमध्ये मुलाचं बोट मावेल इतकी जागा सोडून: निदान एक सेंटिमीटर. पाचाच्या पुढे एकाच लांब ओळीपेक्षा पाच-पाचच्या दोन ओळी उत्तम. सात म्हणजे पाच आणि दोन, नऊ म्हणजे दहाला एक कमी, हे मग न सांगता दिसतं.

गोलाकार मांडणी दिसायला सुंदर आणि मोजायला सर्वांत अवघड, कारण थांबायचं कुठे ते कळत नाही. वर्तुळाची पुस्तकं चार वर्षांनंतर द्या, आणि वर्तुळात एक चित्र वेगळं असेल (टोपी घातलेलं अस्वल वगैरे) असं बघा. तिथून सुरुवात करायची, तिथे परत आलो की थांबायचं.

एक-दोन-तीन, क्वचित चार, इतक्या वस्तू माणूस न मोजता नजरेनंच ओळखतो. म्हणून त्या पानांवर मांडणी बदलती असलेली चांगली: कधी ओळ, कधी त्रिकोण. 'तीन' म्हणजे त्रिकोणच, अशी समजूत मग होत नाही.

कोणत्या वयाला किती आकड्यांचं पुस्तक?

दोन वर्षांच्या आसपास एक ते तीन, फार तर पाच. जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं. तीन ते चार: दहापर्यंत. पाचनंतर वीस आणि पुढे. वयापेक्षा वर सांगितलेली ठोकळ्यांची चाचणी जास्त भरवशाची.

शून्याचं पान हवं का?

हवं, पण सुरुवातीला नाही, शेवटी. एकाच्याही आधी कोरं पान ठेवून '०' छापलं तर दोन वर्षांच्या मुलाला त्यात बघायला काहीच नसतं. उलट पुस्तकभर एकेक बदक उडून गेलं आणि शेवटच्या पानावर रिकामं तळं उरलं, तर 'एकही नाही' हे डोळ्यांसमोर घडतं. म्हणून उलट मोजणीच्या पुस्तकात शून्य चपखल बसतं. उलट मोजणी मात्र पुढची मोजणी पक्की झाल्यावरच, साधारण वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी. तीच वजाबाकीची पहिली ओळख.

देवनागरी आकडे निवडावेत की इंग्रजी?

पहिल्या पुस्तकात कोणतेही एकच. दोन्ही शेजारी छापले की काही जोड्या हमखास भांडतात: देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ, देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ. मोजणी समजल्यावर दुसरी लिपी आली तर अडचण येत नाही, कारण तोवर मुलाला 'चार' म्हणजे काय ते माहीत असतं आणि ही त्याच चारची दुसरी खूण असते.

देवनागरीतच ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले जोडीदार आहेत. पाच-सहा वर्षांपर्यंत मुलं ते उलटसुलट वाचतात, लिहितात. ते सामान्य आहे. टाइप निवडताना दोन आकड्यांतला फरक ठसठशीत दिसतो का ते बघा. ५, ८ आणि ९ यांची एकाहून अधिक वळणं प्रचारात आहेत. पुस्तकातलं वळण मुलाला लिहायला शिकवतात त्याच्याशी जुळतं का, तेही पाहा. नक्षीदार, प्राण्यांच्या आकाराचे आकडे मुखपृष्ठापुरते ठीक.

मराठी अंकशब्दांमुळे काही वेगळी अडचण येते का?

दहापर्यंत नाही. पुढे येते, आणि ती खरी आहे. आपल्याकडे अकरा ते नव्व्याण्णव जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा शिकावा लागतो. 'एकोणीस' म्हणजे विसाला एक उणा, 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणा: मोजत पुढे जाणाऱ्या मुलाच्या कानावर अचानक पुढच्या दशकाचं नाव येतं. आणि नव्व्याण्णव तर 'एक उणा'चा नियमही मोडतो. पंचवीस ऐकताना आधी पाच ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. मूल मठ्ठ नाही, ते ऐकलेल्या क्रमानं लिहितंय.

वीसपुढच्या पुस्तकात म्हणून दहा-दहाचे गठ्ठे दिसलेच पाहिजेत: दहा मण्यांच्या दोन माळा आणि सुटे पाच मणी. १९ च्या पानावर वीस घरं काढून एक रिकामं ठेवलं तर 'एक उणा' हे शब्दाच्या पोटातलं गणित मुलाला दिसतं. ही सोय मराठी पुस्तकानंच करायला हवी. इंग्रजीतून उचललेल्या पुस्तकात ती सापडणार नाही.

मजकूर कसा असावा? 'तीन मुली' की 'तिघी'?

पहिल्या पुस्तकात 'तीन मुली'. दोघं, तिघी, चौघं हे गोड आणि जपण्यासारखे शब्द आहेत, पण त्यांत अंकशब्द लपतो. पाच वर्षांनंतरच्या गोष्टींत ते अवश्य येऊ द्या.

नामं निवडताना वचन बदलणारी घ्या: एक ससा, दोन ससे. एक होडी, दोन होड्या. एक पान, दोन पानं. 'एक चेंडू, दोन चेंडू' किंवा 'एक हत्ती, दोन हत्ती' यांत शब्दाचं रूप तसंच राहतं, त्यामुळे 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक कानाला मिळत नाही. इंग्रजी, रशियन आणि जपानी बोलणाऱ्या मुलांच्या तुलनेत असं आढळलं आहे की जिथे नामाचं अनेकवचन नेमानं बदलत नाही, त्या जपानीत मुलांना 'एक'चा अर्थ थोडा उशिरा पकडता येतो. मराठीत ही मदत आयती आहे, ती वापरावी. पहिल्या पानांवर ससे, शेवटी हत्ती.

खिडक्या, ओढपट्ट्या, आवाजाची बटणं असलेली पुस्तकं?

खिडकी उघडल्यावर मोजायची वस्तू दिसत असेल तर चांगलं. मूल एकेक खिडकी उघडतं, एकेक शब्द म्हणतं, संगती आपोआप जुळते. पण खिडकीचा मोजणीशी संबंध नसेल तर सगळं लक्ष उघडझाप करण्यात जातं. आवाजाच्या बटणात मोठी खोट ही की पुस्तक स्वतःच मोजून टाकतं, तेही मुलाच्या बोटापेक्षा जलद.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी चिकटवलेले मणी, बटणं, टिकल्या नकोतच. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळकांडी वापरतात. सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याजोगा धरला जातो. कोणतंही नेहमीचं बटण त्यात सहज मावतं.

घरी किंवा वर्गात असं पुस्तक बनवायचं आहे. कसं बनवू?

एक ते दहासाठी २४ पानं अगदी नेमकी बसतात. पान १ शीर्षक. पान २-३ वर एक, ४-५ वर दोन, असं करत २०-२१ वर दहा. २२-२३ वर सगळ्या संख्यांची उजळणी, २४ मागचं पान. ए-फोर आकाराचे सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ही २४ पानं तयार होतात. कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्या. पातळ घेतला तर स्केचपेन मागे उमटतं आणि पाचच्या पानावर सहाची भुतं दिसतात. याहून जाड घेतला तर घडीवर तडे जातात.

आधी सहा कोऱ्या कागदांचा कच्चा नमुना दुमडून त्यावर पेन्सिलीनं १ ते २४ आकडे घाला आणि मग सुटा करा. कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी २५ येते: २४ आणि १, २ आणि २३, २२ आणि ३. बेरीज चुकली तर पानं चुकली. समोरासमोर दिसणारी पानं दोन वेगळ्या कागदांवर असतात. फक्त १२-१३ एका सलग कागदावर येतात, आणि तिथे आपला सहा असतो. त्यामुळे दोन्ही पानांवर पसरणारं एकच चित्र काढायचं असेल तर ते तिथेच काढा. बाकी ठिकाणी डाव्या पानावर आकडा आणि शब्द, उजव्या पानावर चित्रं.

एक ते दहाची बेरीज ५५, म्हणजे उजळणी सोडून ५५ चित्रं लागतील. हातानं ५५ सारखी बदकं काढताना पस्तिसाव्याला कंटाळा येतो आणि आकार बदलू लागतो. खोडरबरावर साधा आकार कोरून शिक्का बनवा. एका पानावरच्या सगळ्या वस्तू सारख्याच दिसतील, आणि लहान मुलाला नेमकं तेच हवं असतं. उजळणीच्या जोडपानावर तेच आकार पायऱ्यांसारखे: वरच्या ओळीत एक, खाली दोन, तळाला दहा. एकेक वाढत जाणारा जिना एका नजरेत दिसतो.

घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवा, गाठ बाहेरच्या बाजूला. स्टेपलच्या पिना वापरल्यात तर त्यांची टोकं आत वळलीत का ते बोटानं चाचपा आणि वरून चिकटपट्टी लावा. शिवण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तरी सगळी पानं मोजून घ्या. स्वतः काढलेल्या पानावरची चूक स्वतःला दिसत नाही.

मूल रोज तेच पुस्तक मागतं. नवं द्यावं का?

तेच वाचा. गोष्ट पाठ झाली की लक्ष संख्येकडे जायला मोकळं होतं. प्रश्न तेवढा बदलत राहा: आज "किती बदकं?", उद्या "यातलं एक पोहत गेलं तर?", परवा "बदकं जास्त की बेडूक?" आणि एखाद्या दिवशी मुद्दाम चुकीचं मोजा. तीन म्हटल्यावर पाच म्हणा. मुलानं तुम्हाला अडवलं, तर क्रम त्याच्या मनात पक्का बसला आहे.